तारा दिसेनासा होतो तेव्हा
ल्यूथरन मंडळीतील एपिफनीचा काळ: एक आढावा

6 जानेवारीला विटेनबर्गमधली दुकाने आणि कचेऱ्या बंद असतात. जवळच्याच लाइपझिगमध्ये मात्र तो कामाचा दिवस असतो. सॅक्सनी-आनहाल्ट राज्यात एपिफनीची, म्हणजे प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणाची, सरकारी सुट्टी आहे आणि शेजारच्या सॅक्सनीत ती नाही. एक शहर ल्यूथरचे, दुसरे बाखचे. सुट्टी हा सरकारचा मामला झाला, पण खुद्द मंडळ्यांतही या सणाचे आणि त्यामागून येणाऱ्या आठवड्यांचे स्थान असेच डळमळीत आहे. नाताळची सजावट उतरलेली असते, लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, पहिला दिवस असलेला राखेचा बुधवार अजून लांब असतो. ईस्टर कधी येतो त्यावर मधले रविवार ठरतात. ते कमीत कमी 4 आणि जास्तीत जास्त 9 भरतात. उत्तर अमेरिकेतल्या अनेक ल्यूथरन मंडळ्यांत हेच आठवडे वार्षिक सभेला आणि अंदाजपत्रकाला दिले जातात. या रविवारांना स्वतःचे काही म्हणणे आहे, की ते दोन मोठ्या सणांमधली मोकळी जागा आहेत? कोणी म्हणतो हा प्रकाशाचा काळ, कोणी म्हणतो सुवार्ताप्रसाराचा, कोणी म्हणतो हा मुळी काळच नव्हे. माझे मत असे की, ल्यूथरन परंपरेने या आठवड्यांना एक नेमके काम दिले आहे. देव स्वतःला कुठे सापडू देतो, आणि माणूस त्याला कुठे शोधत राहतो, हे मंडळीला रविवारमागून रविवार शिकवणे, हे ते काम. प्रकाश आणि सुवार्ताप्रसार या गोष्टी त्यातून निघतात. त्या आधी ठेवल्या की काळाचा अर्थ हरवतो.

सणाचा पूर्वेतिहास थोडक्यात पुरे. सन 200 च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट इजिप्तमधल्या बासिलिदेसच्या अनुयायांविषयी लिहितो की, जानेवारीच्या सुरुवातीच्या दिवसांत ते येशूच्या बाप्तिस्म्याचा दिवस पाळतात. पूर्वेकडच्या मंडळ्यांत हा सण आजही मुख्यतः यार्देन नदीतल्या बाप्तिस्म्याचाच आहे. पश्चिमेत मात्र ताऱ्याच्या मागे बाळ येशूला शोधत आलेल्या मागी लोकांनी तो जवळजवळ पूर्ण व्यापला. 1164 मध्ये मिलानहून तीन राजांचे मानले गेलेले अवशेष कोलोनला आणले गेले आणि ते शहर यात्रेचे मोठे ठिकाण झाले. मत्तयाने मागी किती होते ते सांगितलेले नाही, त्यांना राजे म्हटलेले नाही, त्यांची नावे तर नाहीतच. तरीही सोळाव्या शतकापर्यंत 6 जानेवारी हा लोकांच्या मनात तीन मुकुटधारी राजांचा दिवस झाला होता. गोव्यात बार्देशातल्या रेइश मागूशला आणि सालसेतमधल्या चांदरला याच परंपरेतून हा सण उभा राहिला. ती कॅथलिक परंपरा. पण मराठी वाचकाला एपिफनीची जी काही ओळख असते ती बहुधा तिथली असते, म्हणून ल्यूथरन वाट कुठे वेगळी झाली हे पाहणे गरजेचे.

वेगळी झाली ती वार्टबर्गच्या किल्ल्यात. 1521–22 मध्ये तिथे अज्ञातवासात असताना ल्यूथरने जो प्रवचनसंग्रह लिहायला घेतला, त्यात मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायावरचे एपिफनीचे प्रवचन भलतेच लांबलचक आहे. मागी राजे होते, ते तीन होते, या समजुती तो बाजूला सारतो. त्याचे सगळे लक्ष एका तपशिलावर आहे. मागी ताऱ्याच्या मागे निघाले आणि यरुशलेमेत पोहोचले. राजा जन्मला असेल तर राजधानीत, राजवाड्यात, मंदिराच्या सावलीत. तर्क बिनतोड होता आणि नेमका चुकीचा होता. तिथे तारा दिसेनासा होतो. पुढची दिशा मिळते ती मीखा संदेष्ट्याच्या लेखातून: बेथलेहेम, यहूदातले एक लहान गाव. निसर्गाचे निरीक्षण, बुद्धी, सभ्य अपेक्षा यांनी माणूस राजवाड्यापर्यंत येतो. गोठ्यापर्यंत नेतो तो शब्द. आणि ज्यांच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला ते शास्त्री जागचे हलत नाहीत. त्यांना गावाचे नाव पाठ आहे, जाण्याची गरज वाटत नाही. पुढे 1523 मध्ये जुन्या कराराच्या प्रस्तावनेत ल्यूथरने पवित्र शास्त्राला ख्रिस्त ज्यात गुंडाळला आहे ती बाळवस्त्रे म्हटले. वस्त्रे साधी, आत ठेवलेला ठेवा अमोल. ही प्रतिमा त्याला सुचली, त्यामागे मागी लोकांचा प्रवास आहे असे मला वाटते.

यावर आक्षेप असा की, तारा नाहीसा झाला असे मत्तयाने कुठेही लिहिलेले नाही; ल्यूथर आपले शास्त्रवचनाचे तत्त्व कथेवर लादतो. आक्षेपात तथ्य आहे, पण पुरते नाही. हेरोदाला भेटून निघाल्यावर तारा पुन्हा पुढे चालू लागला आणि तो पाहून मागींना अतिशय आनंद झाला, असे मत्तय मुद्दाम नोंदवतो. जी गोष्ट सारखी डोळ्यांसमोर होती ती दिसल्याचा असा आनंद होत नाही. शिवाय कथेची रचनाच अशी आहे की, ताऱ्याने जागा दाखवण्याआधी संदेष्ट्याचे वचन वाचले जाते. ल्यूथरने कथेतला सांधा ओळखला आणि त्यावर भार टाकला. त्याने तो जरा जास्त टाकला असेल, पण सांधा तिथे आहे.

मागींवर तो थांबला नाही, हे त्याहून महत्त्वाचे. 12 डिसेंबर 1541 रोजी त्याने पाचव्या शतकातल्या सेदुलियसच्या लॅटिन गीताचे जर्मन रूप केले. त्यात तीन घटना एका दमात येतात: मागींचे येणे, यार्देनमधला बाप्तिस्मा, आणि कानातल्या लग्नात पाण्याचा झालेला द्राक्षारस. त्याच वर्षी त्याचे बाप्तिस्म्यावरचे प्रसिद्ध गीतही आले. 1544 मध्ये फाइट डीट्रिखने छापलेल्या ल्यूथरच्या घरगुती प्रवचनसंग्रहात 6 जानेवारीला मागींऐवजी येशूच्या बाप्तिस्म्यावर प्रवचन आहे. आज तिन्ही घटना शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या की मंडळीच्या उपासनेचीच रूपरेषा दिसते. मीखाच्या वचनात शब्द, यार्देनमध्ये पाणी, कानात मेज आणि द्राक्षारस. देव सापडतो तो ऐकलेल्या वचनात, बाप्तिस्म्यात आणि प्रभुभोजनात, ही ल्यूथरन शिकवणीची मुख्य ओळ. एपिफनीचे रविवार ती कथांच्या रूपाने सांगतात. रविवारी मंडळीत बसलेल्या माणसासमोर याच तीन गोष्टी असतात: वाचनपीठ, बाप्तिस्म्याचे कुंड, भाकर आणि प्याला. यरुशलेमच्या राजवाड्याच्या मानाने त्या अगदीच साध्या आहेत, आणि मुद्दा तोच आहे.

जुन्या एकवर्षीय पाठक्रमातले रविवार याच बाजूने वाचावे लागतात. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो. आईवडील त्याला तीन दिवस भलतीकडे शोधत असतात. मग काना. मग कुष्ठरोगी आणि शताधिपतीचा चाकर: त्या परक्या सैनिकाला येशूने घरी येण्याचीही गरज वाटत नाही, नुसता शब्द पुरतो, आणि असा विश्वास इस्राएलात आढळला नाही असे येशू म्हणतो. मग होडीत निजलेला प्रभू आणि वादळ. मग गव्हात वाढलेले निदण, जिथे देवाचे राज्य ओळखू येत नाही इतके मिसळलेले आहे. लपलेपण आणि सापडणे हा धागा सगळीकडून जातो. बहुतेक पाठ सुधारणेच्या आधीपासून चालत आलेले होते. शेवटचा मात्र ल्यूथरन मंडळींनी स्वतः जोडला. ल्यूथरचे सहकारी योहान्नेस बुगेनहागेन आणि फाइट डीट्रिख यांच्या परंपरेत एपिफनीनंतरच्या शेवटच्या रविवारी डोंगरावरच्या रूपांतराची कथा वाचली जाऊ लागली. रोमन परंपरेत ही कथा 6 ऑगस्टला आणि लेंटच्या दुसऱ्या रविवारी असते. ल्यूथरन मंडळींनी ती लेंटच्या उंबरठ्यावर आणली, आणि 1992 च्या सुधारित सामायिक पाठक्रमामुळे इतर अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनीही ती जागा स्वीकारली. सर्व मंडळीला ल्यूथरन उपासनेने दिलेल्या देणग्यांत मी ही फार वरची मानतो, आणि तिची चर्चा फार कमी होते.

या एका जोडणीने काय साधले ते बघा. पहिल्या रविवारी येशूचा बाप्तिस्मा. आकाशातून वाणी होते की हा माझा प्रिय पुत्र. शेवटच्या रविवारी डोंगर. तीच वाणी मेघातून येते आणि पुढे सांगते, याचे ऐका. दोन्ही टोकांना एकच साक्ष, आणि मध्ये त्या पुत्राचे गालीलातले दिवस. 1978 च्या ल्यूथरन उपासनाग्रंथाने उत्तर अमेरिकेत बाप्तिस्म्याचा रविवार पहिल्या जागी पक्का केल्यावर ही चौकट पुरी झाली. आजच्या त्रैवार्षिक पाठक्रमात मधले पाठ बरेचसे त्या त्या शुभवर्तमानातून ओळीने येतात, म्हणून काळाला एकसंध विषय उरला नाही अशी तक्रार ऐकू येते. पण दुसऱ्या रविवारी तिन्ही वर्षी योहानाचे शुभवर्तमानच वाचले जाते, आणि दोन टोके स्थिर आहेत. कडेला वाणी असेल तर मधले पाठ तिच्या उजेडातच वाचले जातात. मत्तयाच्या वर्षी डोंगरावरचे प्रवचन, लूकच्या वर्षी नासरेथात नाकारला गेलेला येशू. हे सगळे कोण बोलतो आहे, या प्रश्नाखाली येते.

लाइपझिगच्या श्रोत्यांना हे संगीतातून कळत होते. बाखच्या काळात एपिफनी तिथे पुरा सण होता. 6 जानेवारी 1724 च्या त्याच्या कँटाटाची सुरुवात शबाहून येणाऱ्या लोकांच्या समूहगीताने होते. शिंगे, बासऱ्या आणि खालच्या पट्टीतले ओबो अशा वाद्यमेळाने दूरचा काफिला जणू डोळ्यांपुढे येतो. पण थोड्याच वेळात काफिला मागे पडतो. गायक आपल्याजवळ काय आहे ते पाहू लागतो, आणि सोने, ऊद, गंधरस यांच्या जागी विश्वास, प्रार्थना आणि धीर येतात. 6 जानेवारी 1735 रोजी सादर झालेला ख्रिसमस ओरॅटोरिओचा सहावा भाग आणखी बारकाईने ऐकण्यासारखा आहे. तुताऱ्या आणि नगारे यांच्या जल्लोषात जे शेवटचे भक्तिगीत येते, त्याची चाल आज आपण ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या गीताची म्हणून ओळखतो. सेंट मॅथ्यू पॅशनमध्ये ती पुन्हा पुन्हा येते. पाळण्यावर क्रूसाची सावली पाडण्याचा बाखचा हेतू होता, असे त्यावरून अनेकदा लिहिले गेले आहे. संगीताचे अभ्यासक बजावतात की ती चाल तेव्हा इतरही गीतांना लावली जाई, म्हणून एवढ्यावरून हेतू सिद्ध होत नाही. ते मान्य करून मी इतकेच म्हणेन: वर्षानुवर्षे शुभशुक्रवारी ती चाल ऐकलेल्या मंडळीला एपिफनीच्या दिवशी ती तुताऱ्यांसह ऐकू आली, आणि दोन दिवसांमधले अंतर कमी झाले.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. हा काळच नव्हे, असे उपासनाशास्त्राचे जाणकार म्हणतात. जुन्या पंचांगात एपिफनी हा सण होता आणि पुढचे रविवार नुसते मोजलेले होते. लेंटसारखी स्वतंत्र साधना त्यांना नव्हती. 1969 च्या रोमन पंचांगाने बाप्तिस्म्याच्या सणानंतर सरळ सामान्य काळ सुरू केला. त्या रविवारांना वेदीवरचे वस्त्र हिरवे, उन्हाळ्यातल्या रविवारांसारखेच. ल्यूथरन ग्रंथांतही एकमत नाही. मिसूरी सिनॉडचा 2006 चा ग्रंथ एपिफनीचा काळ मानतो. त्याच वर्षीचा अमेरिकेतील इव्हँजेलिकल ल्यूथरन मंडळीचा ग्रंथ एपिफनीनंतरचा काळ असे सावध नाव देतो. जर्मनीत 2018 च्या आगमनकाळापासून लागू झालेल्या नव्या पाठक्रमाने एपिफनीचा काळ 2 फेब्रुवारीच्या आसपास संपवला. रूपांतराचा रविवार तिथे येतो आणि पुढचे रविवार दुःखसहनकाळाच्या आधीचे म्हणून मोजले जातात. या व्यवस्थेला आधार आहे: 2 फेब्रुवारी हा बाळ येशूला मंदिरात नेल्याचा दिवस, नाताळपासून 40 वा, आणि शिमोनाच्या तोंडून परराष्ट्रीयांसाठीचा प्रकाश तिथेच घोषित होतो. तरी मला हा बदल तोट्याचा वाटतो. रूपांतराचा डोंगर लेंटपासून तोडला की त्या कथेचा उताराकडचा अर्धा भाग अधांतरी राहतो. लूक सांगतो की डोंगरावर मोशे आणि एलीया येशूशी त्याच्या यरुशलेमेतल्या निर्गमनाविषयी बोलत होते. पुढच्याच बुधवारी कपाळाला राख लागणार असेल, तर ते संभाषण मंडळीला ऐकू येते. पाच आठवड्यांनी लागणार असेल तर विरून जाते. काळ कशाने होतो? नियमाने किंवा रंगाने नव्हे. पाठ एका दिशेने सरकत असले की काळ होतो. पाळणा ते डोंगर आणि डोंगर ते क्रूस ही दिशा इथे स्वच्छ आहे.

दुसरा आक्षेप ल्यूथरन घरातूनच येतो. 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीचा सातवा लेख म्हणतो की, मंडळीच्या ऐक्याला शुभवर्तमान आणि संस्कार यांवरचे एकमत पुरे. माणसांनी घातलेल्या रीती सगळीकडे सारख्या असण्याची गरज नाही. मग इतका आग्रह कशाला? डेन्मार्क-नॉर्वेच्या राजसत्तेने 1770 मध्ये एपिफनीची सुट्टी रद्द केली आणि मंडळी टिकली. फिनलंडने 1973 ते 1991 हा दिवस शनिवारी ढकलला आणि नंतर पुन्हा 6 जानेवारीवर आणला. त्यानेही काही बुडाले नाही. हे खरे आहे, आणि तारीख पाळल्याने कोणी देवाला प्रिय होत नाही हे ठासून सांगणे ल्यूथरन माणसाचे कर्तव्यच आहे. पण त्याच कबुलीचा पंधरावा लेख सणांचे नाव घेऊन सांगतो की, ज्या रीती पापाशिवाय पाळता येतात आणि शांती व सुव्यवस्थेला उपयोगी पडतात त्या पाळाव्यात, फक्त विवेकावर त्यांचे ओझे घालू नये. 1523 मध्ये विटेनबर्गच्या उपासनेची नवी घडी बसवताना ल्यूथरने संतांचे सण वगळले, पण एपिफनीला प्रभूच्या सणांत ठेवले. तारणाला आवश्यक नसलेली गोष्ट शिकवणीला उपयुक्त असू शकते. पाळकाच्या आवडीनिवडीवर सोडले तर मंडळीला वर्षभर चार-पाच ठरावीक वचनेच ऐकू येतील.

सुवार्ताप्रसाराचा प्रश्न आपल्याला सर्वांत जवळचा. स्वीडनमध्ये आणि फिनलंडमध्ये एपिफनी हा मिशनचा दिवस मानला जातो. त्या दिवशीचे दान परदेशातल्या कामाला जाते. परराष्ट्रीय बेथलेहेमला आले, म्हणून मंडळीने परराष्ट्रीयांकडे जावे, असे त्याचे समर्थन. त्यावरचा आक्षेप भारतात विशेष टोकदार होतो. 9 जुलै 1706 रोजी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुच्छाव तरंगमबाडीला उतरले ते डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याच्या आश्रयाने, युरोपी व्यापारी वसाहतीत. प्रकाश आमच्याकडे, अंधार तुमच्याकडे, अशी विभागणी एपिफनीच्या भाषेत सहज शिरते, आणि ती शिरली हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण ती विभागणी पाठांतून निघत नाही. मत्तयाच्या कथेत कोणी मागींकडे जात नाही; ते स्वतः येतात. इफिसकरांच्या पत्रातला त्या दिवशीचा पाठ सांगतो की परराष्ट्रीय हे सहवारीस आहेत. विटेनबर्गचा जर्मन, उप्सालाचा स्वीडिश आणि रांचीचा उरांव हे तिघेही या कथेत एकाच बाजूला उभे आहेत, बाहेरून आलेल्यांच्या. यजमानपद युरोपकडे नाही. छोटा नागपूरच्या गोस्सनर मंडळीचा इतिहास या दृष्टीने वाचावा. 1845 मध्ये रांचीला आलेल्या चार मिशनऱ्यांना काही वर्षे एकही उरांव श्रोता विश्वासात आणता आला नाही. मग काही उरांव माणसे आपण होऊन आली, आणि येशूला प्रत्यक्ष पाहायचे आहे अशी त्यांनी मागणी केली, असे त्या मंडळीत सांगितले जाते. मिशनऱ्यांनी त्यांना प्रार्थनेला बसवले. दाखवायला दुसरे काही नव्हते. आधी ती निराश झाली, पुन्हा आली, आणि 9 जून 1850 रोजी त्यांतल्या चौघांचा बाप्तिस्मा झाला. मागणी मागींची होती आणि मिळालेले उत्तरही मागींना मिळाले तेच: वचन, आणि मग पाणी. ही मंडळी 1919 मध्ये स्वायत्त झाली. तमिळ इव्हँजेलिकल ल्यूथरन मंडळीही त्याच वर्षी उभी राहिली. महाराष्ट्रात ल्यूथरन मंडळ्या थोड्याच, तरी प्रकटीकरणाचा रविवार पाळणाऱ्या कोणत्याही मराठी मंडळीला हा मुद्दा लागू आहे. मिशनचे दान जरूर काढावे, पण ते मागींच्या हातांनी काढावे. आणणाराही शोधत आलेला असतो.

याच कारणाने प्रकाशाच्या विषयावरच्या उपदेशांविषयी मला काळजी वाटते. मत्तयाच्या वर्षी पाचव्या रविवारी येशू शिष्यांना जगाचा प्रकाश म्हणतो, आणि अनेक ठिकाणी तिथून पुढचे सगळे रविवार तुम्ही चमका, सेवा करा, बाहेर पडा या आदेशाने भरून जातात. सेवा हवीच. पण नुसता आदेश म्हणजे नियमशास्त्र, आणि ज्याला आधी काही मिळालेले नाही त्याच्यावर ते ओझे होते. येशूच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी आपापल्या बाप्तिस्म्याची आठवण करण्याची जी पद्धत अनेक मंडळ्यांत रुजली आहे, ती इथे फार उपयोगी आहे. पाळक कुंडातले पाणी हातात घेतो, मंडळी उभी राहून विश्वासाची कबुली म्हणते, आणि प्रिय हा शब्द आज आपल्यालाही लागू आहे हे ऐकते. त्यानंतर महिन्याभराने दिव्याची गोष्ट आली तर ती भेट म्हणून कानी पडते.

उरतो डोंगर. 1518 च्या हायडेलबर्गच्या वादसभेत ल्यूथरने वैभवाचा ईश्वरज्ञानी आणि क्रूसाचा ईश्वरज्ञानी असा भेद केला. देव दुःखसहनात आणि क्रूसात दडलेला ओळखतो तोच खरा ईश्वरज्ञानी. मग याच परंपरेने आपल्या काळाचा शेवट चकाकत्या वस्त्रांनी आणि सूर्यासारख्या मुखाने करावा, हे विसंगत नाही का? कथा अर्ध्यावर सोडली तर नक्कीच आहे. पेत्राला तीन मंडप बांधून तिथेच राहायचे असते, म्हणजे त्यालाही यरुशलेमचा राजवाडा सापडलेला असतो. पण मेघ येतो, तेज जाते, मोशे आणि एलीया दिसेनासे होतात, आणि शिष्यांच्या वाट्याला एकटा येशू आणि त्याचे ऐका हा शब्द उरतो. मागींच्या ताऱ्याचे जे झाले तेच डोंगरावरच्या तेजाचे होते. त्या रविवारी काही ल्यूथरन मंडळ्यांत शेवटचे हालेलूया गाऊन तो शब्द लिहिलेली पताका पेटीत ठेवतात. ईस्टरपर्यंत ती बाहेर निघत नाही. मुलांना ही रीत फार आवडते. तीन दिवसांनी तीच मुले राखेसाठी वेदीपुढे रांगेत उभी असतात, आणि या दोन उपासना एकाच आठवड्यात याव्यात म्हणून रूपांतराचा रविवार जुन्या जागी ठेवणे मला गरजेचे वाटते.